पाहुणे येईपर्यंत थांबलेला चीक

या उन्हाळ्यात खराडीहून एक फोन आला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "सर, आमचा समर फार्म फेस्ट आहे, दोन दिवसांचा, भोरकडे एका गावात. चुलीवरचं जेवण, आंबे, वाळवणं, बैलगाडी राइड, सगळं ऑथेंटिक. अँकरिंगला तुमच्यासारखा ऑथेंटिक आवाज हवाय."

मी विचारलं, "पाहुणे किती वाजता येणार?"

"ते अजून फायनल नाहीये सर. पण आपण त्यांच्या टायमिंगप्रमाणे शेड्यूल ॲडजस्ट करू ना."

मी फोन ठेवून दिला. आमची ही आतून म्हणाली, "अहो, निदान नाही म्हणून तरी ठेवायचा." मी म्हटलं, ठेवला म्हणजे नाहीच झालं. डोकं मात्र दिवसभर फिरलेलं राहिलं. त्यात या अंकाच्या संपादकांचं पत्र येऊन पडलं होतं: 'माईकवरचे गमतीदार अनुभव लिहा.' ज्यांना गमतीदार हवं असेल त्यांनी सुरुवातीचं थोडं वाचावं आणि पुढचा लेख काढावा. पुढे मला राग आलेला आहे, आणि तो कमी करून लिहिण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

मी निवेदक. कार्यक्रमात कोपऱ्यात उभा राहून जो बोलत असतो आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही, तो. माझं बहुतेक आयुष्य सभागृहांत नाही, तर उन्हात गेलं. कृषी प्रदर्शनं, बैलांची जत्रा, आंबा महोत्सव, रानमेव्याची जत्रा, धान्याचे बाजार. पुण्यापासून तासा-दोन तासांवरच्या गावांत चैत्र-वैशाखात जिथे म्हणून मांडव पडला, तिथे मी घसा कोरडा केलेला आहे.

लोकांना वाटतं, निवेदकाचं काम बोलण्याचं. चूक. निवेदकाचं पहिलं काम नावं न चुकवण्याचं. कार्यक्रम चालू असताना माझ्या हातात सारख्या चिठ्ठ्या येतात. अमुक आले आहेत, त्यांचं नाव घ्या. तमुक अमुकच्या आधी घ्या. एकदा बैलांच्या जत्रेत एका मालकानं बजावलं होतं, की बैलाचं नाव घेताना बैलाच्या बापाचं आणि आजाचंही घ्यायचं. मी घेतलं. मालकाचं स्वतःचं नाव घ्यायचं राहिलं, तर त्याची तक्रार नव्हती. माणसांचं मात्र उलट असतं. मंचावर बसलेल्यांपैकी एकाचं नाव राहिलं, की पुढच्या वर्षी तुम्ही घरी बसता.

दुसरं काम म्हणजे पाहुणे येईपर्यंतची वेळ भरून काढायची. खरी विद्या ही. पाहुणे उशिरा येणार हे गृहीतच असतं, पण 'उशीर' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'मान्यवर थोड्याच वेळात आपल्यात दाखल होत आहेत' असं म्हणायचं. 'पाचच मिनिटं' असं म्हणायचं. ही पाच मिनिटं मी तीन-तीन तास ताणलेली आहेत. मातीच्या वासावर बोलायचं, आईच्या हातच्या चवीवर बोलायचं, मांडवातल्या म्हाताऱ्या माणसाला उभं करून त्याच्या पागोट्याला टाळ्या मिळवून द्यायच्या. मला त्याचा अभिमान होता. मांडववाले म्हणायचे, हा माणूस माईकवर असला की पाहुणे नाही आले तरी चालतं.

आता नमुन्याला एक आंबा महोत्सव सांगतो. शहरातून बस भरून लोक येणार, प्रमुख पाहुण्यांनी झाडावरून पहिला आंबा उतरवायचा, अशी आयोजकांची कल्पना. गावातल्या आमराईपर्यंत पाहुण्यांची गाडी जाईना. मग आयोजकांनी मांडवाशेजारच्या झाडाला दोऱ्यानं आंबे बांधले. मी माईकवरून म्हणालो, "आणि आता या बागेतला, या मातीतला पहिला आंबा..." पुढे बसलेले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "आरं, ह्ये तर जांभळीचं झाड हाय." सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. पाहुण्यांनी तरीही तो आंबा तोडला, फोटो निघाले, मी टाळ्या घेतल्या. घरी येऊन ही गोष्ट मी रंगवून सांगितली. आमची ही हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं ना जांभूळ?" मी म्हटलं, तो माझा विषय नाही. माझा विषय बोलणं.

हे वाक्य पुढे मला महाग पडलं.

गमतीचा भाग संपला.

पानशेतच्या अंगाला एक गाव आहे. नाव देत नाही, कारण गावाचा काही दोष नव्हता. तिथे एका इव्हेंट कंपनीनं 'उन्हाळी वाळवण महोत्सव' ठरवला. कंपनीचं नावही देत नाही. त्यांची आता दुसऱ्या नावानं दुसरी कंपनी असेल. सगळी जबाबदारी तेजस नावाच्या एका तिशीतल्या माणसाकडे होती. पायात पांढरे शुभ्र बूट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं नम्र. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला मला जिवावर येतं, पण नव्हता.

महोत्सवातलं मुख्य आकर्षण म्हणजे कुरडया. गावातल्या नऊ घरच्या बायका एकाच मांडवात, सगळ्यांसमोर, कुरडया घालणार. ज्यांना कुरडई फक्त ताटात तळून आलेली माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगतो. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटायचा, पिळायचा, गाळायचा. पांढरा चीक रात्रभर बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकायचं आणि तो चीक उकळत्या पाण्यात सोडून हाटत राहायचा. एकीनं हाटायचा, दुसरीनं पातेलं धरायचं. चकाकी आली की गरम असतानाच सोऱ्यात भरून कापडावर कुरडई घालायची. चीक निवला की सोऱ्यातून तार येत नाही, तुटते. कच्चा चीक उन्हात राहिला की आंबतो आणि कुरडई लाल पडते. म्हणून हे काम सूर्य वर यायच्या आत करायचं असतं. दुपारी वारा सुटतो, धूळ येते. त्याच्या आत कुरडया एका बाजूनं सुकलेल्या पाहिजेत.

आणखी एक रीत. गावात सगळ्यांची वाळवणं एका दिवशी नसतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, सगळ्याजणी सगळीकडे हात लावायला जातात. एकीचा चीक बिघडला तर बाकीच्यांचा असतो. आणि हे चैत्रात आटोपतात, कारण वैशाख सरता सरता वळवाचा भरवसा नसतो. तेजसच्या कंपनीनं या दोन्ही गोष्टी मोडल्या. नऊही घरांचा चीक एका दिवशी, कारण मांडव भरलेला दिसायला हवा. आणि दिवस मे महिन्याच्या अखेरचा, कारण पाहुण्यांना तोच मोकळा होता. गहू बायकांचा, घरचा, वर्षाचा. कंपनी मांडव, कापड आणि शेगड्या देणार आणि कुरडया ज्याच्या त्याच्या घरी जाणार, असं ठरलं होतं.

या बायकांची पुढारी गजराबाई. पन्नाशीची, काटक, हातात हिरव्या बांगड्या, बोलणं मोजकं. मी साडेसहाला पोचलो तेव्हा मांडवात शेगड्या पेटलेल्या होत्या. ती वाटीत गरम चीक घेऊन माझ्याकडे आली. वर साखर आणि दूध घातलेलं. पहिला थोडा चीक शिजवून दारात आलेल्या माणसाला द्यायचा, अशी तिथली रीत.

"खावा दादा. मंग बोलत बसा दिसभर."

मी म्हटलं, "नंतर." पाहुण्यांच्या आधी निवेदकानं खायचं नाही, असा माझा नियम होता. स्वतःच केलेला, आणि त्याचाही मला अभिमान. तिनं वाटी साउंडच्या टेबलावर ठेवली. जाता जाता म्हणाली, "माझ्या सुवर्णीचं लगीन हाय फुडच्या शुक्रवारी. इथंच दारात. यायचं तुमी. ह्या कुरड्या तिच्या रुखवताच्या हायती." मुलीकडचे लग्नात जे मांडून दाखवतात ते रुखवत. तिथल्या घरांत त्यात आईच्या हातची कुरडई असावीच लागते, त्यावर सासरची माणसं घराची परीक्षा करतात.

कार्यक्रम आठचा होता. पाहुण्यांच्या हस्ते पहिली कुरडई घालायची आणि मग बायकांनी सुरू करायचं. त्या हिशेबानं बायकांनी साडेसातला मोठ्या पातेल्यांत अर्धा चीक शिजवला, बाकीचा कच्चाच ठेवला. आठ वाजले. तेजस म्हणाला, "सर, निघालेत ते. पाच मिनिटं होल्ड करा."

मी सुरू झालो. आईच्या हातची चव, मातीचा वास. शहरातून आलेली मंडळी मोबाईल वर धरून उभी होती. बायका पातेल्यांशी उभ्या होत्या. साडेआठ झाले. गजराबाई माझ्याजवळ आली.

"दादा, सुरू करू का? चीक आळतोय."

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर माझा राग तुम्हाला कळायचा नाही. ती तेजसकडे गेली नाही, माझ्याकडे आली. त्या बायकांच्या लेखी माईक ज्याच्या हातात तो मालक. मी म्हटलं असतं 'करा', तर नऊही पातेल्यांतून सोरे भरले गेले असते. तेजस लांबून मला हातानं थांबवत होता. मी तिला म्हटलं, "पाचच मिनिटं, गजराबाई."

ती गेली. पातेल्यात पाणी घालून पुन्हा हाटू लागली. साडेनऊला पुन्हा आली. आता ऊन मांडवाच्या कापडातून उतरायला लागलं होतं. "दादा, कच्चा चीकबी तापाय लागलाय. आंबल." तोवर तेजसच जवळ आला. म्हणाला, "मावशी, प्लीज. फ्लो बिघडेल. पाहुणे आले की लगेच. त्यांच्यासाठीच तर आहे सगळं."

"त्यांच्यासाठी? गहू तर आमचा हाय," गजराबाई म्हणाली. आवाज चढवून नव्हे, माहिती द्यावी तसं.

मी काय करावं? मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, "मंडळी, संयम ही आपल्या ग्रामीण संस्कृतीची ओळख आहे." टाळ्या पडल्या. हे वाक्य मला आजही आठवतं, आणि आठवलं की दात ओठ खावेसे वाटतात. संयम शिकवतोय कोण, कुणाला? चार दिवस गहू राखणाऱ्या बाईला, फुकटच्या पाण्याच्या बाटल्या पिणारा मी!

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा काही बोलली नाही. नुसती उभी राहिली. मीही बोलायचं थांबलो नाही.

पाहुणे सव्वाबाराला आले. कारण काय, तर वाटेत कुणाकडे तरी नाश्ता होता. तोवर शिजलेला चीक पातेल्यात वडीसारखा बसला होता. उलथणं घालून हलेना. कच्च्या चिकाला आंबूस वास सुटला होता. एका म्हातारीनं सोऱ्या भरून पाहिला, दोन्ही हातांनी जोर लावला, आणि तुटके तुकडे कापडावर पडले. तिनं ते पदरानं पुसून घेतले, कुणाला दिसू नयेत म्हणून.

तेजस घाबरला. पण घाबरलेला माणूसही किती हुशारी करतो बघा. विक्रीच्या टेबलावर पुण्यातल्या दुकानातून आणलेली कुरडयांची पाकिटं होती. वाळलेली, एकसारखी, यंत्रातून निघालेली. त्यानं पाकिटं कापून त्या कुरडया कापडावर मांडल्या. वरून पाणी शिंपडलं, ओल्या दिसाव्यात म्हणून. पाहुण्यांच्या हातात रिकामा सोऱ्या दिला. पाहुण्यांनी तो मांडलेल्या कुरडईवर धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसले. त्या वेळी तेजसनं मला खूण केली.

मी बोललो. "पहा रसिकहो, मान्यवरांच्या शुभहस्ते या मातीतली पहिली कुरडई आकाराला येते आहे. कशी पांढरीशुभ्र, कशी ओलीचिंब, आमच्या माउलींच्या कष्टाची तार." सगळं बोललो. एकही शब्द अडखळला नाही. नऊ बायका माझ्याकडे बघत होत्या. जांभळीवरचे आंबे परवडले, त्यात कुणाच्या घरचं काही गेलं नव्हतं.

पाहुणे चहा न घेता गेले. बस गेल्या. साउंडच्या टेबलावरच्या वाटीतल्या चिकावर साय धरून ती वाळली होती. मी ती उचलून गजराबाईकडे गेलो. काय बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. म्हणालो, "गहू पुन्हा भिजवता येईल ना? मी आणून देतो हवा तर."

ती पातेलं खरवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गहू हाय माझ्याकडं. ऊन कुठनं आणू?"

मी वर पाहिलं. डोंगराच्या बाजूला ढग भरून आले होते. तीन दिवस भिजायला, एक दिवस वाटायला, आणि दोन-तीन दिवसांचं कडक ऊन. शुक्रवार मध्येच येत होता. दुसऱ्या दिवशी वळीव कोसळला, आमच्या सदाशिव पेठेतही. मी गॅलरीतून बघत होतो आणि मला शिव्या सुचत होत्या. तेजसला, पाहुण्यांना, ओलीचिंब म्हणणाऱ्या माझ्या जिभेला. आमच्या हीला सगळं सांगितलं. या वेळी तिनं एवढंच विचारलं, "मग लग्नाला जाणार ना?"

जाणं भाग होतं. मी गेलो, एकटाच. दारातला मांडव छोटा, पण शेणानं सारवलेलं अंगण, आंब्याच्या डहाळ्या, सगळं जागच्या जागी. बाजूला रुखवत मांडलेलं होतं. लाडू, करंज्या, पापड, शेवया. एक परात मात्र नुसती होती, वर धुतलेला पांढरा रुमाल अंथरलेला. तेजसच्या माणसांनी मागे टाकलेल्या दुकानच्या कुरडया तिथे मांडता आल्या असत्या. शेजारणीनं मला सांगितलं, गजराबाईनं त्या त्याच दिवशी म्हशीला घातल्या.

नवऱ्याची आई आणि मावशी रुखवत बघायला आल्या. मावशी परातीपाशी थांबली. "अन् कुरड्या न्हाईत व्हय? घरात एकबी बाई नव्हती का घालाय?" गजराबाई खांबाला धरून उभी होती. तिनं सगळं सांगितलं असतं तरी ते सबब सांगितल्यासारखं झालं असतं, हे तिला कळत होतं. सुवर्णा बाशिंग बांधून आत बसली होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

बँडवाल्याचा माईक माझ्या हाताशी होता. मी तो उचलला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी चिठ्ठी दिलेली नव्हती.

"मंडळी," मी म्हणालो, "ही परात रिकामी आहे ती माझ्यामुळे. या बाईनं गहू भिजवला होता, चीक काढला होता, सकाळी साडेसातला शिजवून तयार ठेवला होता. तिनं मला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नुसती उभी राहिली. मी पाहुण्यांसाठी तिला थांबवून ठेवलं आणि चीक वाया घालवला. वर दुकानच्या कुरडयांना तिच्या हातच्या म्हणालो. यात या घराचा काही दोष नाही. बोल लावायचा तर मला लावा."

मी माईक खाली ठेवला. नवऱ्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, मग मावशीला म्हणाली, "चल गं. पोरगी आणतोय, कुरड्या न्हाई." आणि तिनं परातीवरचा रुमाल नीट केला. अक्षता पडल्या. लग्न व्यवस्थित लागलं.

जेवायला मी शेवटच्या पंगतीत बसलो. गजराबाई स्वतः वाढत होती. माझ्या पानाशी आली, भाताचं ताट कमरेला टेकवलं. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या दादा, झालं ते झालं. खरं सांगतो, मी त्याच्यासाठीच शेवटच्या पंगतीपर्यंत थांबलो होतो.

"बोललात चांगलं," ती म्हणाली. "पन ह्ये त्या दिशी बोलायचं हुतं. माईक तर हातातच हुता."

मग तिनं माझ्या पानात भात वाढला आणि ती पुढच्या पानाकडे गेली.